रशीदाआपाचा डावा हात

रशीदाआपा कुणालाही भेटली की आधी हात धरायची. सलाम, नमस्ते, जयभीम, जे काय असेल ते नंतर. समोरच्या बाईची चार बोटं मुठीत घ्यायची, अंगठ्याच्या मुळाशी असलेलं हाड दोनदा दाबून बघायची आणि मगच मान वर करून तोंडाकडे बघायची. लग्न होऊन मी नांदेडला आले, त्याच आठवड्यात ती बांगड्यांची पेटी घेऊन आमच्या दारात आली. सासूबाईंनी मला पुढं केलं. आपानं माझा हात दाबला आणि त्यांना म्हणाली, "दोन-चारचं माप हाय, पण हाड लई कडक. टाइपिंग करती का ही?" मी खरोखरच टाइपिंगच्या परीक्षा देऊन रेल्वेच्या ऑफिसात कारकून झाले होते. पुढची तीस वर्षं त्या गल्लीत माझी ओळख 'कडक हाडाची' अशीच राहिली आणि माझ्या नवऱ्यानं त्याचा उपयोग करायची एकही संधी सोडली नाही.

आमची गल्ली जुन्या नांदेडात, गोदावरीच्या अंगाला. एका बाजूला आम्हा बौद्धांची वीसेक घरं, दुसऱ्या बाजूला मुसलमानांची. त्यात मनियारांची चार. मनियार म्हणजे पिढ्यान् पिढ्या बांगड्या विकणारे आणि भरणारे लोक. त्यातल्या तीन घरांनी तो धंदा सोडून मोबाईलची नाहीतर चपलांची दुकानं टाकली होती. आपानं सोडला नाही. घराच्या पुढच्या खोलीत तिचं दुकान होतं. भिंतीला लाकडी खुंट्या, त्यांवर दोऱ्यात ओवून रंगाप्रमाणे लावलेले बांगड्यांचे तोडे, खाली एक सतरंजी. आपा भिंतीला टेकून बसायची आणि गिऱ्हाइकाला बरोबर समोर बसवायची. तिचे मिस्टर मुनीरभाई ऑटो चालवायचे. मुलगा हैदराबादला होता आणि सून नसरीन इथं तिच्याजवळ होती.

बांगडी भरताना तिच्या हातांकडे पाहत बसणं हा आम्हा बायकांचा फुकटचा करमणुकीचा कार्यक्रम होता. ती म्हणायची, "लोकाला वाटतं उजवा हात बांगडी भरतो. न्हाई. उजवा नुसता ढकलतो. भरतो डावा." डाव्या हातानं ती गिऱ्हाइकाची बोटं जुळवून धरायची, अंगठा आत दुमडायची आणि हाडं अशी काही दाबायची की क्षणभर आपला हात आपला राहायचा नाही. आणि बांगडी नेमकी हाडावर आली, आता दुखणार, की ती प्रश्न विचारायची. "सासू जेवली का?" "पगार झाला का?" एकदा तर तिनं आमच्या शेजारच्या नव्या नवरीला विचारलं, "नवरा घोरतो का?" पोरगी लाजून उत्तर शोधते तोवर बांगडी मनगटात.

साबण, तेल, प्लॅस्टिकची पन्नी यांचा तिला तिटकारा होता. बाजारातल्या दुकानांत हाताला पन्नी गुंडाळून बांगड्या सरकवतात, त्याबद्दल ती म्हणायची, "असं भरायला मनियार कशाला पायजे? घरीच पिशवीत हात घालून बसा." बांगडी फुटली तर ती 'फुटली' म्हणायची नाही, 'वाढली' म्हणायची, गिऱ्हाईक हिंदू असो की मुसलमान. आमच्या घरात शकुन-अपशकुन कुणी मानत नव्हतं. सासूबाई तिला डोळे मोठे करून सांगायच्या, "रशीदा, फुटली म्हण. काचंची हाय, फुटती." आपा हसून म्हणायची, "हौ अम्मा, तुमच्या घरात फुटली. माझ्या तोंडात वाढली."

तिचा खरा मान लग्नसराईत असायचा. गल्लीतली कुठलीही मुलगी असो, चुडा भरायला आपाच. आमच्यात लग्न पांढऱ्या साडीत लागतं, मुहूर्त नसतो, पण आदल्या दिवशी हिरव्या बांगड्या भरायची हौस बायकांनी सोडलेली नाही. आपा त्या दिवशी ठेवणीतला जांभळा सूट घालायची, अत्तर लावायची आणि नवरीपेक्षा जास्त नखरे करायची. नवरीचा पहिला हात धरला की दोन मिनिटं काहीच करायची नाही, नुसता धरून बसायची. "हात घाबरला हाय, त्याला जरा बसू दे," असं म्हणायची. मी तिला कधी विचारलं नाही, पण माझी खात्री आहे की वर्षभराची बाकी सगळी विक्री ती त्या दोन मिनिटांसाठी करायची.

लातूरला तिच्या मावसबहिणीच्या मुलीचं लग्न होतं. तिथला चुडाही तिनंच भरला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ती आणि मुनीरभाई बसनं परत निघाले. लातूर सोडून फार पुढं आले नव्हते. खिडकीच्या कडेला बसलेल्या आपाचा डोळा लागला होता आणि डावा हात कोपरापासून बाहेर होता. समोरून येणाऱ्या गाडीला वाट द्यायला ड्रायव्हरनं बस बाजूला घेतली आणि ती रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या ट्रकला घासत गेली. एवढंच. बसमधल्या दुसऱ्या कुणाला ओरखडासुद्धा आला नाही.

मी तिसऱ्या दिवशी लातूरच्या दवाखान्यात गेले. कोपराच्या खाली चार बोटं हात उरला होता, त्यावर पांढरं जाड बँडेज. मला वाटलं होतं ती रडेल. ती रडली नाही, पण तिनं मला असा एक प्रश्न विचारला की मी दवाखान्याच्या खुर्चीतून उठून उभी राहिले.

"कुंदा, माझ्या त्या हातातल्या बांगड्या काढल्या होत्या का गं?"

कापलेला हात दवाखान्यानं कापडात गुंडाळून मुनीरभाईंच्या ताब्यात दिला होता आणि त्यांनी लातूरच्याच कब्रस्तानात, एका कोपऱ्यात, ओळखीच्या लोकांकडून तो दफन करून घेतला होता. कापड सोडून बघायची हिंमत त्यांना झाली नव्हती. कुणाला होईल? पण आपाची बोटं दुखत होती. नसलेली बोटं. मनगटात काचा टोचताहेत, आवळतंय, असं ती सांगत होती. डॉक्टरांनी समजावलं की असं होतं, मेंदूला अजून ठाऊक नाही, हळूहळू कमी होईल. आपाला ते पटलं नाही. तिचं म्हणणं सरळ होतं. हात बांगड्यांसकट पुरला, म्हणून दुखतो. जन्मभर दुसऱ्यांच्या हातातल्या बांगड्या उतरवल्या आणि स्वतःच्या हातातल्या तशाच मातीत गेल्या.

मुनीरभाई साधा माणूस. बायकोची तगमग बघवेना म्हणून ते लातूरच्या बाजारात गेले, चार हिरव्या बांगड्या घेतल्या, खरं वाटावं म्हणून त्यातली एक दगडावर आपटून फोडली आणि रुमालात बांधून तिच्यासमोर ठेवल्या. "ह्या बघ. काढल्या होत्या. डॉक्टरनं आत्ता दिल्या." मी तिथंच होते. आपानं एक बांगडी उजव्या हातात घेतली, बोटांनी फिरवली आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"ह्या दोन-सहाच्या हाईत. मी दोन-चार घालते."

मुनीरभाईंचा चेहरा पडला. आपा हसायला लागली. अपघातानंतर पहिल्यांदाच. "मनियारनीचा नवरा, तीस वरसं झाली, आन् बायकोचं माप ठावं न्हाई," असं म्हणत हसता हसता ती रडायला लागली आणि मग किती तरी वेळ थांबली नाही. त्यानंतर तिनं तो प्रश्न कुणाला विचारला नाही. हातात काचा टोचतात हे मात्र ती पुढंही सांगायची, थंडीत जास्त.

घरी आल्यावर जे सुरू झालं ते मी जवळून पाहिलं, आणि त्याआधी मला एका हाताचं माणूस म्हणजे काय याची काही कल्पना नव्हती. भाकरी, धुणं ही मोठी कामं माणसाच्या डोळ्यांपुढं येतात. आपाला रडवलं ते सलवारीच्या नाड्यानं. एका हातानं नाडा बांधता येत नाही. रोज सकाळी सुनेपुढं उभं राहायचं आणि तिनं खाली मान घालून गाठ मारायची. नसरीन चांगली पोर, तोंडातून शब्द काढायची नाही, पण आपाला ते सहन व्हायचं नाही. शेवटी सगळ्या सलवारींना इलॅस्टिक लावून घेतलं. माझ्याच मशीनवर मी ते शिवून दिलं. ती शेजारी बसून होती. सातवी का आठवी सलवार झाल्यावर म्हणाली, "लहान पोरीची चड्डी असते बघ, तशी झाली." मी मशीन चालवत राहिले.

बाकीचं ती शिकत गेली. परात पायाच्या अंगठ्यांनी धरून कणीक मळायची. लसूण पाट्याखाली चेपून सोलायची. नमाजाआधी वजू करताना काय धुवायचं हे तिनं मौलानांना विचारून घेतलं, आणि उरलेला तेवढा भाग धुतला तरी चालतो असं कळल्यावर तो ती एखाद्या तान्ह्या पोराला धुवावं तसा धुवायची.

वर्षभरानं नांदेडात नकली हातापायांचं मोफत शिबिर झालं. शिबिरवाले आपाचं माप आधीच घेऊन गेले होते. ती शिबिरातून परत आली तेव्हा गल्लीतल्या आम्ही झाडून साऱ्या बायका तिच्या खोलीत जमलो. तिनं ओढणी बाजूला केली आणि पुढं सरकलेल्या बायका मागं झाल्या. पट्टे होते, कोपराखाली बसणारा कडक साचा होता, सगळं व्यवस्थित होतं. फक्त पंजा पुरुषाचा होता. रुंद, जाड बोटांचा, चपट्या नखांचा, मागच्या बाजूला फुगलेल्या शिरा काढलेला, आणि आपाच्या रंगापेक्षा चांगला गोरा. बायकांच्या मापाचे पंजे संपले होते. सध्या हा वापरा, पुढच्या शिबिरात बदलून देऊ, असं त्यांनी सांगितलं होतं.

सगळ्यांत आधी हसली ती आपाच. "कुणाचा तरी नवरा हाय ह्यो. बुरखा घ्या गं सगळ्या!" मग खोली हसण्यानं भरून गेली. त्या दिवसापासून त्या हाताचं नाव 'दुल्हेभाई', म्हणजे भावोजी, असं पडलं. "दुल्हेभाईला उन्हात घाम येत न्हाई, मला येतो," "दुल्हेभाई आज रुसले हाईत, पट्टा लागून नाही राहिला," असं ती बोलायची. नांदेडच्या उन्हाळ्यात त्या साच्याच्या आत तिची कातडी सोलून निघायची. दुपारी हात काढून ती खोबरेल लावत बसलेली दिसायची.

गंमत तिथवरच होती. एकदा आम्ही दोघीच असताना तिनं खुंटीवरून सगळ्यांत मोठ्या मापाची बांगडी काढली आणि त्या पंज्यावर चढवायचा प्रयत्न केला. ती बोटांच्या पेरांपुढं गेली नाही. तिनं दाबून पाहिलं, फिरवून पाहिलं. रबर दबत नव्हतं. "तीस वरसात असा एक हात आला न्हाई ज्याला मी बांगडी भरली न्हाई," ती म्हणाली. "आता माझाच आला." पुढचं शिबिर लातूरला होतं. पंजा बदलून आणू या, मी सोबत येते, असं मी खूप सांगितलं. तिचं उत्तर एकच. "तिकडं एक हात देऊन आले. बस झालं."

मुख्य अडचण धंद्याची होती. गिऱ्हाईक म्हातारी सुग्राबी असो की कॉलेजातली पोरगी, तो पंजा हाताला लागला की आकसायची. सुग्राबीनं तर एकदा नकळत डोक्यावर ओढणी पुढं ओढून घेतली होती, परपुरुषासमोर ओढतात तशी. बायका दुष्ट नव्हत्या. मी हे मुद्दाम लिहिते, कारण दुष्ट असत्या तर आपाला भांडता तरी आलं असतं. त्या बांगड्या तिच्याकडूनच घ्यायच्या, आणि "असू द्या आपा, मी घरी घालते, तुम्हाला कशाला त्रास," असं म्हणून पुडी घेऊन जायच्या. लग्नं झाली. आपाला आहेर गेला, लाडू गेले, जेवायचं बोलावणं गेलं. चुडा भरायला मात्र बाजारातून कुणी तरी यायचं. अपशकुन हा शब्द कुणी उच्चारला नाही. उच्चारायची गरजच नव्हती.

"मला काय बी नको, कुंदा," ती मला म्हणाली. "एक डाव नवरीचा हात माझ्या हातात दे. एक चुडा भरते. मग म्हणतील, हाय, अजून रशीदा हाय."

आणि मी शब्द दिला. माझ्या मुलीचं, प्रज्ञाचं, लग्न लातूरच्या मुलाशी ठरलं होतं, अडीच महिने हातात होते. "प्रज्ञाचा चुडा तुम्हीच भरायचा," मी म्हणाले. खरं सांगते, म्हणताना मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता. आम्ही असलं काही मानत नाही, हे दाखवायची ती संधी होती.

मग दर रविवारी दुपारी सराव सुरू झाला. हात माझा. कडक हाडाचा आहे, याच्यावर जमलं तर कुठंही जमेल, असं तिचं गणित. तिनं एक पद्धत बसवली होती. रबरी अंगठा उजव्या हातानं वळवून एका जागी बसवायचा, माझी बोटं त्या पंज्यात अडकवायची, आणि तो पंजा स्वतःच्या गुडघ्यानं खालून रेटायचा म्हणजे दाब येतो. मग उजव्या हातानं बांगडी चढवायची. पहिल्या रविवारी सहा बांगड्या 'वाढल्या'. दुसऱ्या रविवारी चार. मला ओरखडे यायचे, एकदा ऑफिसात साहेबांनी विचारलं की घरात मांजर पाळलंय का.

"हाताला कळत न्हाई आता," ती मला समजावून सांगायची. "आधी हातालाच कळायचं, कुठं दुखलं, कुठं अडकलं. आता तुझं तोंड बघते. तोंड जरासं बी वाकडं झालं की मी थांबते. तोंडावरून लई कळतं की! आधी कधी बघितलंच न्हाई."

तिचे डोळे सारखे माझ्या चेहऱ्यावर असायचे. इतक्या आशेनं कुणी आपल्याकडे बघत असेल तर माणूस काय करेल? मी दात दाबून धरायचे. गुडघ्याचा दाब जास्त झाला की हाडात कळ जायची, आणि मी टीव्हीवरच्या मालिकेबद्दल काही तरी बोलायचे. सहाव्या-सातव्या रविवारी आख्खा डझन भरला गेला, एकही फुटली नाही. आपानं माझा हात वर धरून नसरीनला हाक मारली, मुनीरभाईंना दाखवला. त्या हाताला दोन दिवस सूज होती. मी पूर्ण बाह्यांचा ब्लाऊज घालून ऑफिसला गेले.

चुड्याच्या दिवशी घर भरलेलं होतं. मुलाकडच्या चार बायका लातूरहून आल्या होत्या. आपा जांभळा सूट घालून आली, अत्तराचा वास दारातच आला. ती यायच्या आधी मी प्रज्ञाला आतल्या खोलीत घेऊन सांगितलं होतं, "रशीदाखालाचा हात तसा आहे. दुखलं तरी तोंड वाकडं करू नकोस. हसत बस. नाहीतर सगळ्यांसमोर तिला वाईट वाटेल." प्रज्ञा शहाणी मुलगी. शिवाय आपाच्या खोलीत खेळून मोठी झालेली, तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणणारी. "कळतं गं आई मला," ती म्हणाली.

आपानं तिचा हात घेतला, आधी उजव्या हातात, आणि नुसती धरून बसली. मग अंगठा वळवला, प्रज्ञाची बोटं अडकवली, गुडघा खालून लावला. पहिली बांगडी गेली. दुसरी गेली. बायका कौतुकानं बोलायला लागल्या, कुणी तरी मोबाईलवर चित्रण करत होतं. आपा काही प्रश्न विचारत नव्हती, ती एकटक प्रज्ञाच्या तोंडाकडे बघत होती. प्रज्ञा हसत होती. पाचव्या बांगडीला बारीक आवाज झाला. आपानं तोंडाकडे पाहिलं, प्रज्ञा हसतच होती, म्हणून तिनं सहावी लावली आणि गुडघा आणखी रेटला. फुटलेल्या पाचवीचा तुकडा खाली मनगटात रुतत होता. रक्त हिरव्या बांगड्यांवरून त्या गोऱ्या रबरी पंज्यावर आलं तेव्हा लातूरची एक बाई किंचाळली. प्रज्ञा तेव्हासुद्धा हसत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

आपाला पंजा लवकर सोडवता येईना. अंगठा उजव्या हातानं वळवून सैल करावा लागतो, आणि उजव्या हातानं ती आधी रुतलेली काच उपसत होती. मीच तो उघडला. बँडेज, हळद, धावपळ. मुलाकडच्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं फक्त. माझ्या भाचीनं स्वयंपाकघरातून प्लॅस्टिकची पिशवी आणली आणि प्रज्ञाच्या दुसऱ्या हाताला बांगड्या सरकवल्या. दोन मिनिटांत काम झालं. आपा सतरंजीवर बसून ते पाहत होती. कुणीही तिला ऊठ म्हणालं नाही आणि कुणीही तिच्याजवळ बसलं नाही. मीही नाही.

लग्न नीट पार पडलं. प्रज्ञाचं सगळं चांगलं चाललं आहे. जखमेला तीन टाके पडले एवढंच. ही गोष्ट अपशकुनाची नाही.

पाचव्या दिवशी मी आपाकडे गेले. खुंट्या होत्या तशाच होत्या. नकली हात काढून तिनं कोपऱ्यात ठेवला होता. मी म्हणाले, "आपा, मनाला लावून घेऊ नका. असं कुणाकडूनही होतं."

"काचंचं मला काय बी वाटत न्हाई. काच हाय, जाती. पण पोरगी हसून राहिली होती, कुंदा. आत काच घुसली, रगत आलं, आन् ती हसून राहिली होती. का बरं?"

मी सतरंजीचा दुमडलेला कोपरा सरळ करायला लागले.

"तू सांगितलं होतं का तिला?"

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून," मी म्हणाले.

आपानं मान हलवली, जणू तिला ते माहीतच होतं. मग तिनं ते विचारलं, जे मी आजवर माझ्या नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही.

"आन् तू? दोन महिने तुझ्या हातावर शिकले मी. तोंड बघून शिकले. तू बी दाबूनच बसायचीस का?"

खोटं बोलायची ती वेळ होती. इतके रविवार बोलले होते, आणखी एकदा बोलले असते तर काय बिघडलं असतं? पण मी माझा हात पदराखाली ओढून घेतला, आणि तेवढ्यानंच तिला उत्तर मिळालं. तिला वाटत होतं ती शिकली, ते ती शिकलीच नव्हती. मी तिला शिकू दिलं नव्हतं. एकदा जरी मी "आई गं" म्हणून ओरडले असते, तरी तिनं गुडघा सैल करायची दुसरी काही युक्ती काढली असती. ती काढणारी बाई होती. तिच्यावर दया करणाऱ्या गल्लीतल्या सगळ्या बायकांत सगळ्यांत जास्त नुकसान मी केलं, आणि तेही तिचा हात हातात घेऊन.

"चहा टाक गं नसरीन," ती आत बघून म्हणाली. चहा आला, आम्ही प्यालो. माझ्यावर ती ओरडली नाही. पुढं रस्त्यात भेटली तर बोलायची, नातवाचं सांगायची, पण मोकळं कधी बोलली नाही. नकली हात तिनं पुन्हा लावला नाही. दुकानात हळूहळू नसरीन बसू लागली आणि बांगड्या कंपनीच्या डब्यांतून, मापाचा आकडा बघून विकल्या जाऊ लागल्या.

दिवाळीच्या सुट्टीत मुलानं तिला आणि मुनीरभाईंना, नसरीनसकट, कायमचं हैदराबादला न्यायचं ठरवलं. प्रज्ञा तेव्हा लातूरहून माहेरी आली होती. आपा निघायच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही दोघी त्यांच्याकडे गेलो. खोलीत गाठोडी बांधून ठेवलेली होती आणि आपा एका हातानं आणि दातांनी एका पोत्याचं तोंड सुतळीनं आवळत होती. प्रज्ञा मदतीला पुढं झाली तर तिनं मानेनंच नको म्हटलं, गाठ पूर्ण केली आणि मग उभी राहिली.

"ती खूण गेली का गं बेटा?" तिनं विचारलं.

"कधीच गेली, खाला," प्रज्ञा म्हणाली, छान हसून.

आपानं तिच्या त्या हसण्याकडे जरा वेळ पाहिलं. मग तिची नजर खाली, प्रज्ञाच्या त्याच मनगटावर बांधलेल्या रुंद पट्ट्याच्या घड्याळावर गेली.

"घड्याळ चांगलं हाय," ती म्हणाली, आणि दुसरं पोतं ओढायला खाली वाकली.